येसाक्काचा खुळखुळा

नदीला पूल नव्हता आणि माझ्या आज्याला मिशी फुटली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

घोडेपाणी गावात तेव्हा भोपळ्यावाचून पान हलत नसे. वाळक्या भोपळ्यात पाणी भरायचं, बियाणं राखायचं, अर्धा कापून त्यानंच ताक वाढायचं. नदी ओलांडायची तीही भोपळ्यांवर. येसाक्का भोईण उलट्या बाजेला आठ भोपळे बांधायची, ती तिची सांगड. कमरेला मात्र एक छोटा भोपळा, बियांसकट. चालली की खुळखुळे.

"आक्का, बिया काढ की! का पाण्यात पेरतीस?" लोक चिडवायचे.

"पेरीन. पहिली भाजी तुझ्याच घरी. कडूजहर!"

पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. नदीच्या मधोमध काळा डोह होता आणि डोहात काहीतरी होतं. त्याला रूप नव्हतं. आवाज होता, तोही उसना. ते तुमच्याच माणसाच्या आवाजात तुम्हाला हाक मारी. ज्यानं ओ दिली तो पुन्हा दिसला नाही, असं म्हणतात. म्हणून आक्काचा नियम होता, पाण्यावर बोलायचं नाही. फक्त खुळखुळ्याकडे यायचं. बियांचा आवाज डोहाला काढता येत नसे.

एका श्रावणात पाच बाया डोहापलीकडच्या बेटावर गवत कापायला गेल्या. त्यांत आक्काची लेक हौसा होती. दुपारी पाणी चढलं, वर दाट धुकं उतरलं. आक्कानं सांगड लोटली. एका खेपेला दोघी. पहिल्या दोघी आल्या, दुसऱ्या दोघी आल्या.

"अगं, पोटची पोर मागं ठेवलीस?" काठावरची एक बाई ओरडली.

"माझ्यासारखा खुळखुळा तिच्याकडंच हाय. ती तिथं वाजवंल तवा मला बेट सापडंल," आक्का म्हणाली आणि तिसऱ्यांदा निघाली.

डोहाजवळ उजवीकडून हाक आली, "आई!" मग डावीकडून, "आई गं, बुडाले!" दोन्ही आवाज हौसाचेच. आक्कानं ओठ इतका चावला की रक्त आलं. मग समोरून बारीक खुळखुळ आली. ती सरळ गेली आणि लेक घेतली.

परतताना वाहत्या ओंडक्यानं चार भोपळे फोडले. सांगड दोघींना पेलेना. आक्का पाण्यात उतरली. "घट्ट धर. आन् ओ देऊ नको," एवढंच बोलली आणि मागून सांगड ढकलू लागली. हौसाला मागे खुळखुळ ऐकू येत होती. मग खुळखुळ थांबली.

मग हाक आली. "हौसे... हात दे गं, बाळा."

आईचाच आवाज. ओ निघू नये म्हणून हौसानं आपल्या खुळखुळ्याचा देठ दातांत धरला. मान हलवून तो एकदा वाजवला, दोनदा वाजवला. उलट काहीच वाजलं नाही. आवाज मात्र हाका मारत राहिला, हळू हळू खाली जात.

सांगड काठाला लागली. तो आवाज कुणाचा होता, हे हौसाला जन्मभर कळलं नाही. ती नव्वद वर्षं जगली, पण त्यानंतर तिनं कुणाच्याच हाकेला ओ दिली नाही, असं म्हणतात.

आता पूल झाला. तरी घोडेपाणीच्या घाटावर कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. पोराला बोलवायचं तर आई भोपळा खुळखुळवते. आणि श्रावणात, आक्का गेली त्या दिवशी, सगळं गाव पाण्याशी गप उभं राहतं, एक म्हातारी खुळखुळा वाजवते, आणि धुक्यातून आक्काच्या खुळखुळ्याचं उत्तर येतं.

गेल्या श्रावणात मीही होतो. उत्तर आलं. पण दोन आली, एक उजवीकडून, एक डावीकडून. इतकी वर्षं ऐकून ऐकून डोहही शिकलाय.