एकोणतीस ढेपांची नाव

एका नदीकाठी एक नावाडीण राहत होती. तिची नाव माणसं सोडून चारशे शेरांचा भार पेलायची, त्यापुढे एक शेरही नाही.

एकदा सरदाराचा कारकून दोन शिपाई आणि गुळाच्या एकोणतीस ढेपा घेऊन आला. एकेक ढेप एकोणीस शेरांची. त्याने पाटीवर गुणाकार केला आणि सांगितलं, "दोनशे नव्वद शेर. चढवा सगळ्या."

नावाडीण म्हणाली, "कारकूनसाहेब, एकोणतीस म्हणजे जवळजवळ तीस. एकोणीस म्हणजे जवळजवळ वीस. तीस विसा सहाशे. थोडं कमी भरेल, पण दोनशे नव्वद कसं होईल? दोन खेपा करू."

"तुझं सगळंच जवळजवळ," कारकून हसला. "मी नेमका आकडा काढलाय."

"मग तो परत एकदा काढा."

"अडाणी बाईच्या सांगण्यावरून?"

तिची कानशिलं तापली. तिने दोर घट्ट धरला. शिपायांनी तो तिच्या हातातून हिसकावला, ढेपा चढवल्या, कारकुनाला बसवलं आणि वल्ही मारली. नाव धारेला लागताच पाणी कडांवरून आत आलं. बघता बघता नाव बुडाली. शिपाई पोहत आले. कारकुनाला पोहता येत नव्हतं. नावाडिणीने काठावरून उडी घेतली, त्याची मानगूट धरली आणि त्याला वाळूत आणून टाकलं.

"आता करा गुणाकार," ती म्हणाली.

त्याने बोटाने वाळूत आकडे मांडले. पाचशे एक्कावन्न. "दुसरी ओळ एक घर सरकवायची राहिली होती," तो पुटपुटला.

"चूक कुणाचीही होते," ती दात आवळून म्हणाली. "मला राग त्याचा नाही. मी सांगितलं तेव्हा पाटीकडे पुन्हा बघायला तुमचं काय जात होतं? माझी नाव गेली."

सरदाराने सगळं ऐकून घेतलं. नवी नाव होईपर्यंत कारकुनाने सुतारांच्या हाताखाली फळ्या तासायच्या, असा हुकूम झाला. चार महिने तो तासत होता. नावाडीण रोज येऊन काम बघायची.

तात्पर्य: ढोबळ अंदाज नेमकं उत्तर देत नाही, पण चुकलेलं उत्तर पकडून देतो. तो कुणी सांगितला हे पाहू नये, हिशोब पुन्हा तपासावा.