फेकलेली साल

"मग बटवा आज देणार ना, बुवा?"

हैबतीनं तिसऱ्यांदा विचारलं. निरंजनबुवा खलात काहीतरी कुटत होते. ते कुटतच राहिले.

गिरणाकाठच्या या मठीत झाडपाल्याची विद्या शिकता शिकता हैबतीला बारा वर्षं झाली होती. बुवांनी औषधाचा बटवा हाती दिला, की चेला वैद्य झाला. पोरगा हुशार होता हो, खोटं कशाला बोला! पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"बाभळीची साल काढून आण," बुवा म्हणाले.

हैबती गेला नि आला. खोडाच्या एकाच अंगाची, तळहाताएवढी साल. भोवताली फेरा घालून सोललं तर झाड मरतं, हे त्याला पक्कं माहीत.

"वरचं खरबरीत कुठाय?"

"तासून फेकलं आवारात. मेलेलं असतं ते."

"मेलं कसं?"

हैबती खुलला. "आत एक पातळ जिवंत थर असतो, बुवा. तो बाहेरच्या अंगाला नवं नवं कवच घालत राहतो. नवं आतून येतं, जुनं बाहेर ढकललं जातं. तिथवर रस पोचत नाही, मग ते वाळून मरतं. पण कामाला येतं ते मेल्यावरच. ऊन, वणवा, कीड, सगळं अंगावर घेतं. आतली ओल बाहेर जाऊ देत नाही."

"आणि भेगा?"

"आतलं झाड जाड होतं. मेलेलं कवच काही वाढत नाही. मग ते फाटतं."

"आतला वाढला, म्हणून बाहेरचा फाटला... असंच ना?"

"असंच. साल कशी काढायची, हे आता मला कुणी शिकवायला नको."

"बरं. आवारात कोण बसलंय रे सकाळपासून?"

हैबतीची मान खाली गेली.

"गावाकडचा... गडी आहे एक."

गडी कसला, जन्मदाता बाप होता तो! धोंडबा, मालकाच्या शेतावरचा सालदार. आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सालदाराचं जुनं साल आज संपतं, नवं उद्या लागतं. वर्षातला हा एकच दिवस त्याचा स्वतःचा, आणि तो चार कोस अनवाणी चालत लेकाला बघायला आला होता.

बुवा उठले. बाहेर गेले. धोंडबासमोर मांडी घालून बसले आणि त्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"अहो बुवा! पापात पाडता का मला!"

टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा.

"किती सालं काढली, धोंडबा?"

"पोरगं तुमच्याकडं आलं तवापासून बारा. मालक दर आखाजीला म्हणायचा, पोराला आण गुरांमागं. मी म्हणायचो, त्याचं काम बी मीच करतो. त्याला शिकू द्या."

हैबती दारात उभा होता. हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

...

तो आत गेला. राळेच्या मलमाची वाटी घेऊन आला आणि बापाच्या पायांशी बसला.

"राहू दे रे. हात भरतील तुझे."

"भरू दे, आबा."

एकेक भेग तो बोटानं भरत गेला. डोळ्यांतलं पाणी टाचेवर पडत होतं, ते त्यानं लपवलं नाही.

"बुवा, हे माझे वडील," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. यांनी सगळं अंगावर घेतलं म्हणून मी इथं सावलीत बसून शिकलो. आबा, तुमचे उपकार कुठल्या जन्मी फिटायचे!"

"येडा की काय तू," धोंडबा म्हणाला आणि उपरण्यानं लेकाचं तोंड पुसू लागला.



दिवस कलला. धोंडबा जायला निघाला, तसा हैबतीनं त्याच्यासाठी आपल्या वहाणा पुढे ठेवल्या. मग बुवांकडे वळून म्हणाला, "बटवा एवढ्यात नको. मला अजून काही येत नाही."

बुवांनी खुंटीवरचा बटवा काढला. रिकामा होता. त्यांनी तो हैबतीच्या हातात दिला आणि आवाराकडे बोट केलं.

"आधी ती फेकलेली साल वेचून घाल त्यात."