पद्मावहिनींच्या गाडीचे आरसे

“मग जातो म्हटलं तर बिघडलं कुठं, चाचा?”

सर्जेराव दस्तगीरचाचांच्या गॅरेजच्या दारात उभा होता. अंगात नवा शर्ट, कपाळाला गंध. कोल्हापुरात हायवेच्या कडेला त्याचं स्वतःचं गॅरेज उद्या सुरू होणार होतं. पाटी आजच रंगून आली होती.

चाचा बशीतला चहा फुंकत राहिले.

“सगळे म्हणत्यात, जातो म्हणू नको, येतो म्हण. पण येतो कसं म्हणू? मी काय परत येणार हाय व्हय? उगंच खोटं कशाला बोलायचं?”

“खरं हाय,” चाचा म्हणाले.

सर्जेरावला बरं वाटलं. चाचांना गप्प करणं सोपं नव्हतं, आणि आज ते पहिल्याच घावात जमलं होतं.

तरी त्याचा पाय निघेना. त्या गल्लीची एक रीत होती. चाचांच्या हाताखाली शिकून बाहेर पडणाऱ्याला चाचा आपल्या भिंतीवरचा एक पाना काढून देत. तो नव्या गॅरेजात दर्शनी टांगला की माणूस मिस्त्री झाला. नाहीतर केवढीही पाटी लावा, गिऱ्हाईक आधी विचारणार, ‘चाचांचा पाना कुठाय?’ सर्जेरावने त्यासाठी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

“पान्याचं काय, चाचा?”

“देऊ की.” चाचांनी बशी खाली ठेवली. “तेवढे पद्मावहिनींच्या गाडीला आरसे लाव आनि जा.”

पद्मावहिनींची गाडी म्हणजे त्यांच्या सासऱ्यांनी घेतलेली हिरवी, फुगऱ्या गालांची पिकअप. आता तिच्यातून वहिनींच्या रोपवाटिकेच्या कुंड्या जात. तिला बाहेरून आरसा असा कधी नव्हताच. ती रस्त्यावर आली तेव्हा मागून येणार तरी कोण होतं? आता मात्र मागून सगळं गाव येत होतं आणि वहिनी धास्तावल्या होत्या. चाचांनी जुन्या बाजारातून गोल, चकचकीत आरशांची जोडी आणून ठेवली होती.

एवढ्यासाठी अडवलं होय! सर्जेरावने हसत बाह्या सारल्या.

त्याचा हात चांगला होता, हे कबूल करायलाच हवं. त्या म्हाताऱ्या दारांना भोकं पाडण्याचं पाप त्याने केलं नाही. बिजागरीलाच पट्टी आवळली, रंगाला ओरखडा नको म्हणून खाली जुन्या ट्यूबचा तुकडा दिला आणि दोन्ही आरसे असे बसवले की गाडी कान टवकारून उभी राहिली.

“बसा, चाचा. बघा.”

चाचा स्टिअरिंगमागे बसले. उजव्या आरशात बघत राहिले… बघतच राहिले.

“दिसतंय न्हवं?”

“रस्ता दिसतोय. चिंच दिसतीया. रसाचा गाडा बी दिसतोय.”

“मग!”

“गाडी कुठं हाय?”

“कुठली गाडी?”

“आपली.”

“आपली कशाला दिसाय पाहिजे? आपण तर आत बसलोय!”

चाचांनी नुसतं आरशाकडे बोट केलं.

सर्जेरावने दात आवळून आरसा आत वळवला. चांगला भरपूर वळवला.

“आता?”

“आता गाडीच गाडी. रंग मातुर झकास मारलायस.”

रंग सर्जेरावनेच मारला होता. सर्जेराव खुलला. मग त्याच्या लक्षात आलं की हे कौतुक नव्हतं.

तिसऱ्यांदा त्याने हात हळू चालवला. गाडीची हिरवी कड बोटभर, बाकी सगळा रस्ता.

“हां,” चाचा म्हणाले. “आपण कुठं हाय ते दिसलं, की मागचा कुठं हाय ते कळतंय.”

“झालं तर मग. आता मागचं काय बी सुटत न्हाई. द्या पाना.”

“काय बी?”

“काय बी न्हाई.”

चाचा उतरले. भिंतीवरचा पाना काढला. नवा नव्हे, त्यांच्या रोजच्या हातातला, मुठीपाशी झिजून गुळगुळीत झालेला. सर्जेरावचा जीव भांड्यात पडला. पण चाचा पाना घेऊन त्याच्यासमोरून सरळ गाडीच्या मागे, पार चिंचेपर्यंत गेले.

“बस आत,” ते तिथून ओरडले. “आरशातच बघ. पाना मीच आणून देतो तुला.”

सर्जेराव बसला. आरशात चाचा एवढेसे दिसत होते. पांढरी टोपी, हातात पाना. ते डुलत डुलत गाडीच्या कडेने येऊ लागले. मोठे झाले. दाढी दिसली, दाढीतलं हसू दिसलं.

मग ते नाहीसे झाले.

आरशात रस्ता होता, चिंच होती, बोटभर हिरवी गाडी होती. चाचा नव्हते.

“चाचा?”

…

त्याने डावा आरसा बघितला. पुन्हा उजवा बघितला. काचेवर बोट मारून बघितलं.

“चाचा, कुठं गेलासा?”

आवाजातली सगळी मिस्त्रीगिरी उतरली होती. उद्या नव्या गॅरेजात एखादा नट अडेल, आपण अशीच हाक मारू, आणि ओ द्यायला कुणी नसेल… इतक्या दिवसांच्या गडबडीत हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं.

“हितंच हाय की,” अगदी कानाशी आवाज आला.

सर्जेरावने मान वळवली. चाचा दाराच्या मागच्या कडेपासून हातभर बाजूला उभे होते आणि खांदे हलवत हसत होते. पाना खिडकीतून आत आला.

“आरशात दिसत न्हवता तुमी!”

“एवढ्या जवळचा दिसत न्हाई. त्येला मान वळवाय लागती.”

सर्जेरावने पाना घेतला. चाचांच्या हाताने तो गरम झाला होता. नव्या शर्टाला ग्रीसचा पट्टा उमटला, पण त्याने तिकडे बघितलंही नाही. तो खाली उतरला आणि चालू लागला.

चिंचेपाशी पोचून थांबला. मान वळवली.

“येतो, चाचा!”

चाचांनी बशी उचलली. चहा केव्हाच निवला होता, तरी सवयीने एक फुंकर मारली.

“आत्ता बसला बघ आरसा.”