रांजणांतले ढग

एका राज्यात सूर्य दिसल्यावाचून कोणी तोंडात घास घालत नसे. रीत जुनी, आणि रीतीला 'का' म्हणून विचारणारा तिथे जन्मलाच नव्हता. एका वर्षी आभाळ सलग आठ दिवस झाकोळून राहिले. नवव्या दिवशी म्हातारी राजमाता उपाशीपोटी गेली. तिचा पुत्र राजा सुकेतन शोकाने वेडापिसा झाला. रीत मोडावी असे त्याला सुचले नाही, ढगच नकोत असे सुचले. राजेलोकांना असलेच सुचते.

त्याने कालकंठ मांत्रिकाला पाचारण केले. मांत्रिकाने राज्यावरचे ढग दोन रांजणांत कोंडले, ढगांना हाकणारा वारा तिसऱ्यात कोंडला. तिसऱ्यावर राजाच्या शपथेची मोहर बसली. 'ढगाखाली मी अन्नाला शिवणार नाही,' अशी ती शपथ होती.

महिनाभर गुढ्या उभ्या राहिल्या. मग ऊन असे तापू लागले की देवळाच्या पायरीवर भाकरी भाजावी. आणि सूर्य कलला की जमिनीची सारी ऊब थेट आभाळात निघून जाई, पहाटे घागरीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरे. राणीची तान्ही मुलगी दिवसा तापाने फणफणे, रात्री थंडीने काकडे. राजवैद्य म्हणाला, "अमावास्येच्या आत आभाळ बदलले तर बाळ जगेल. माझ्या औषधांचा इथे उपयोग नाही."

थोरली राजकन्या वज्रलेखा उठली. "मी ढग परत आणते."

"माझी शपथ आहे," राजा म्हणाला.

"माझी बहीण आहे," ती म्हणाली, आणि चालू लागली.

उजाड माळावर एक टिटवी अंड्यांवर पंख पसरून उभी होती. ती म्हणाली, "एक दिवस, एक रात्र माझी अंडी राख. मग मांत्रिकाच्या गुहेची वाट दाखवीन."

वज्रलेखेने चार काटक्या रोवून त्यांवर आपला शेला ताणला. दिवस मावळल्यावर तोच शेला अंड्यांवर पांघरला. सकाळी टिटवी म्हणाली, "दिवसा सावली, रात्री पांघरूण. ढगांचे कामही एवढेच, बाई. पण तोच शेला भलत्या वेळी पांघरलास तर अंडी उकडतील. ध्यानात ठेव." मग तिने डोंगरामागची वाट दाखवली.

कालकंठ गुहेच्या दारात बसला होता. "पहिला रांजण डोक्यावर घे आणि तापल्या वाळूतून सात कोस चाल. वाटेत टेकवलास तर ढगांची राख होईल."

ती चालली. तळपायांची सालटी निघाली, रांजण टेकला नाही. सातव्या कोसाला झाकण उडाले आणि दाट, पांढरे ढग खाली उतरून राज्याच्या पूर्वेवर बसले. त्यांनी ऊन आल्या वाटेने माघारी धाडले. पूर्वेकडची माणसे सुखावली.

"दुसरा मांडीवर घे आणि शेकोटीवाचून पहाट काढ," ती गुहेपाशी परतल्यावर मांत्रिक म्हणाला.

तिने दात आवळून पहाट काढली. रांजणातून विरळ, पिसांसारखे ढग निघाले आणि उंच जाऊन पश्चिमेवर पसरले. त्यांच्यातून ऊन आत येई, पण जमिनीची ऊब बाहेर जाईना. पश्चिमेकडचे गारठणे थांबले.

पण ढग जागचे हलेनात. चार दिवसांत पूर्वेला ऊन पोचेना, माणसे कुडकुडू लागली. पश्चिमेला उकाड्याने जीव नकोसा झाला. लोक म्हणाले, आगीतून फुफाट्यात पडलो. अमावास्या उद्यावर आली होती.

"वारा सोड," वज्रलेखा म्हणाली.

"ती मोहर माझ्या हातची नाही," मांत्रिक म्हणाला. "ज्याची शपथ, त्यानेच ढगाखाली जेवावे."

ती तिसरा रांजण घेऊन राजवाड्यात आली. स्वतः दूधभात कालवला आणि बापाला हाताला धरून पूर्वेच्या वेशीवर, दाट ढगांखाली नेले. मागून राणी बाळाला घेऊन आली. बाळाने डोळे उघडणे सोडले होते.

"जेवा, महाराज."

"आईच्या चितेपुढे शब्द दिला आहे. तो मोडू?"

"आजी ढगांनी नेली नाही. भुकेने नेली. समोर अन्न होते आणि आपण तिला 'खा' म्हणालो नाही. मीही म्हणाले नाही."

राजा खाली बसला. घास उचलताना त्याच्या डोळ्यांतले पाणी भातात पडत होते. त्याने तो घास खाल्ला. दुसराही खाल्ला.

मोहर तडकली. वारा सुटला आणि त्याने ढगांना हलवले, इथले तिथे नेले, मध्ये ऊन सोडले. त्या रात्री राज्यावर ढगांचे पांघरूण होते आणि पाण्यावर पापडी धरली नाही. बाळाचा ताप उतरला. ते दूध पिऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सूर्य दिसला नाही. राजा सुकेतन भल्या सकाळी वेशीवरच्या पहिल्या झोपडीपाशी गेला, दारातल्या म्हातारीपुढे हातातले ताट ठेवले आणि म्हणाला, "आई, खा."