ज्वारी हसायची विसरली

एकदा काय झालं, एका गावातली ज्वारीच रुसली. आता ज्वारी कशी रुसते ते सांगते. पण सुमे, आधी माझं पांघरूण सोड. हं. आता ऐका.

कणसगाव नावाचं गाव होतं. तिथे अनसाबाई लाह्या फोडायची. तिची आई फोडायची, तिची आजी फोडायची, आणि भट्टीही ती आजीच्या वेळचीच. नागपंचमी आली की सगळं गाव तिच्या दारात. तापलेल्या रेतीत मूठभर ज्वारी टाकली की तडतड तडतड, कढईभर पांढऱ्याशुभ्र लाह्या. तिथली मुलं म्हणायची, ज्वारी हसली.

गावाला एक राजा होता. वाईट नव्हता, बरं का. पण आदल्या साली त्याच्या कोठारात ओल शिरली, धान्याला बुरशी धरली आणि निम्मं कोठार फेकून द्यावं लागलं. तेव्हापासून त्याने ओलाव्याचा धसकाच घेतला. मग त्याने काय केलं, महिनाभर ज्वारी उन्हात घातली. मग कोठाराभोवती शेगड्या पेटवून ठेवल्या. मग पहारेकऱ्यांना सांगितलं, पाण्याचा तांब्या घेऊन कुणी आत जायचं नाही. ज्वारी अशी वाळली की ओतताना खड्यांसारखी वाजायची. राजा खूश. कुणी शिंकलं तरी त्याला कोठारापासून लांब उभं करायचा.

मग पंचमी जवळ आली. अनसाबाईने कोठारातून ज्वारी आणली, भट्टी पेटवली, मूठ टाकली. आणि काहीच नाही. दाणे रेतीत लोळले, काळे पडले आणि गप्प बसले.

तिला वाटलं, जाळ कमी पडला. तिने बाभळीची लाकडं घातली. दाणे गप्पच. दुसऱ्या दिवशी तिने नदीची नवी रेती आणली. दाणे गप्पच. तिसऱ्या दिवशी तिने भट्टीची मीठमोहरीने दृष्ट काढली. मोहरी तेवढी तडतडली, ज्वारी नाही.

मग लोक काय, बोलायला मोकळेच. म्हणाले, अनसाबाईचा हात उतरला. प्रधानाने ते राजाच्या कानावर घातलं. राजा म्हणाला, "नागोबाला लाह्या नाहीत म्हणजे गावाला अपशकुन. उद्या दुपारपर्यंत ज्वारी फुटली तर बरं. नाहीतर ती भट्टी मोडा आणि दुसरी बाई बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अनसाबाईने कोठारातून मूठभर ज्वारी आणली, पदराच्या गाठीत बांधली आणि ओट्यावर बसून राहिली. टाकायचं धाडसच होईना. तिला रडू आलं. आजीची भट्टी आपल्या हातून जाणार, याचं तिला फार फार वाईट वाटलं. रडायची आणि त्याच पदराने डोळे पुसायची. नाकसुद्धा पुसायची. हसू नका, रडताना तुमचंही नाक गळतं. दुपारपर्यंत पदर आणि त्यातली गाठ, सगळं ओलं झालं.

मग दोन शिपाई पहार घेऊन आले. त्या गावची एक रीत होती. भट्टी कायमची विझवायची तर तिला उपाशी विझवायचं नाही, शेवटची मूठ घालायची. अनसाबाईने गाठ सोडली आणि हात जोडून मूठ टाकली.

तड.

एक दाणा हसला. मग दुसरा. मग तडतड तडतड, लाह्या उडून एका शिपायाच्या पागोट्यात. त्याने पहार खाली ठेवली आणि एक लाही तोंडात टाकली.

राजा धावत आला. सगळी हकिगत ऐकून म्हणाला, "ही तर आसवांची जादू. सगळा दरबार बोलवा. सगळ्यांनी ज्वारीवर रडायचं." दरबारी बिचारे पोत्याभोवती बसले. प्रधानाला काही केल्या रडू येईना, तेव्हा त्याच्यासाठी कांदे आणले.

अनसाबाईला हसू आवरेना. ती म्हणाली, "महाराज, आसवं म्हणजे तरी काय, पाणीच की. मला वाटतं सगळा गुण ओलाव्याचा आहे. मला जरा बघू द्या."

मग तिने ज्वारीचे तीन वाटे केले. एक तसाच कोरडा ठेवला. एक बादलीत बुडवला. आणि एकावर कोमट पाण्याचा हबका मारून तो फडक्यात बांधून ठेवला. दिवेलागणीला तिन्ही वाटे एकामागून एक रेतीत टाकले. कोरडे दाणे जळले. बुडवलेले गिच्च होऊन रेतीला चिकटले. आणि फडक्यातले? सगळेच्या सगळे हसले.

कारण काय, माहीत आहे? दाण्याच्या पोटात थोडंसं पाणी असतं. जाळ लागला की त्याची वाफ होते. वाफेला जागा लागते भरपूर, आणि दाण्याचं साल असतं टणक. ती आतून ढकलते, ढकलते, आणि साल फुटलं की आतलं पीठ फुलून बाहेर. पोटात पाणीच नसेल तर वाफ कुठून येणार?

काय गं सुमे? हो, काही गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, राहतातच. ज्याचं साल आधीच चिरलेलं, त्याची वाफ हळूच निसटून जाते.

राजा खाली मान घालून म्हणाला, "म्हणजे अनसाबाई, चूक माझीच."

"वाळवलंत ते बरंच केलंत, महाराज," ती म्हणाली. "पण दाण्याच्या पोटातलं पाणीसुद्धा काढून घेतलंत. तेवढं राहू द्यावं."

मग राजाने कोठाराभोवतीच्या शेगड्या विझवल्या. शिपायांनी पहार परत नेली. आणि पंचमीला खुद्द राजा भट्टीपाशी बसून फडक्याने कढई झाकत होता, कारण लाह्या फार उडत होत्या. नागोबाला मिळाल्या, गावाला मिळाल्या, प्रधानाने दोन वाट्या खाल्ल्या. अनसाबाईची भट्टी मग तिच्या नातीनेही पेटवली.

आता ऐका. उद्या आपली पंचमी. मी ज्वारीवर पाण्याचा हबका मारून ती फडक्यात बांधून ठेवली आहे. कुणी जाऊन गाठ सोडायची नाही. ती पाणी पिऊन गप्प निजली आहे. तुम्हीही पाणी प्या आणि निजा. सकाळी आधी कोण हसतं ते बघू, तुम्ही की ज्वारी.