बुडवणारा थेंब

फार पूर्वी, गोदेकाठच्या अश्मक देशात अरुणबाहू राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व पाटाचं पाणी वाटून देणाऱ्या एका पाटकऱ्याच्या झोपडीत जन्माला आला होता. मोठा झाल्यावर त्यानं बापाचंच काम हाती घेतलं. ओढ्यावर दगडी बंधारा होता. त्यातून एक पाट निघे आणि पुढे त्याला दोन फाटे फुटत, एक वेळूगावचा, एक शमीगावचा. सूर्य उगवल्यापासून चौदा घटका पाणी वेळूगावचं, त्यानंतरच्या चौदा घटका शमीगावचं. एका शेताला एक घटका. दिवस मावळला की पाटाचं दार बंद, मग कुणाचं राहिलं तर राहिलं.

घटका भरली हे कळायचं कसं? पाण्यानं भरलेलं एक मोठं घंगाळ, त्यात तरंगणारं तांब्याचं छोटं भांडं आणि भांड्याच्या बुडाला सुईनं पाडावं एवढं भोक. भोकातून पाणी आत चढे, भांडं भरत जाई आणि एकदम गडप होई. झाली एक घटका. बोधिसत्त्व थाळा वाजवी, भांडं रिकामं करून पुन्हा पाण्यावर ठेवी. चाळीस वर्षं त्यानं हेच केलं. ऐकायला सोपं वाटतं ना? एक घटका बसून बघा, मग बोला.

वेळूगावात सुयामा नावाची बाई राहत असे. नवरा वारलेला, पदरात दोन मुली, घरात म्हातारी सासू, आणि राग सदा नाकाच्या शेंड्यावर. तिचं शेत पाटाच्या पार शेपटाला, चौदाव्या घटकेचं. शमीगावात असंच शेपटाचं शेत भद्रक नावाच्या शेतकऱ्याचं होतं. आदल्या वर्षी पाण्यावरून दोघांची जुंपली. शब्दानं शब्द वाढला आणि सुयामानं हातातलं खोरं फिरवलं. भद्रकाचा डावा डोळा गेला.

पंचांनी भांडण मिटवलं. सुयामानं दावणीची गाय भद्रकाच्या दारात नेऊन बांधली. पण तिचं तिच्याशी काही मिटेना. राग ओसरला आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली. आज परक्यावर उठलेला हात उद्या पोरींवर उठणार नाही कशावरून? ती अरण्यातल्या तापसांकडे गेली. तापस म्हणाले, "मन आवरायचं असेल तर आधी घरदार सोड." सुयामा म्हणाली, "सोडते की! सासूला आणि पोरींना तुमच्या आश्रमात आणून ठेवते, चालेल?" तापसांनी डोळे मिटून घेतले. ती पाय आपटत परत फिरली आणि वाटेत बंधाऱ्यापाशी थांबली.

बोधिसत्त्व घंगाळापाशी बसला होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, पण नजर भांड्यावरची हलली नाही.

"पोरी, मला ध्यानबिन काही शिकवता येत नाही," तो म्हणाला. "घटका बघता येते. तेवढी शिकवीन. आणि एक विचारीन. हे भांडं कुठला थेंब बुडवतो?"

"एवढंच? शेवटचा."

"मग आधीचे सगळे काढून घे आणि तो एकटा आणून टाक."

सुयामा चरफडत घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी परत आली. हट्टीपणा तिच्या अंगात होताच, आजवर तो फक्त भांडणाच्या कामी आला होता. घरचं आवरून ती रोज यायची, घंगाळापाशी बसायची. आठ दिवसांनी म्हणाली, "सगळेच बुडवतात." बोधिसत्त्व म्हणाला, "मी एक विचारला होता." महिन्यानं म्हणाली, "थेंब कशाला, भोकच बुडवतं." बोधिसत्त्व म्हणाला, "वा! आणि भोकाला कोण बुडवतं?" शेवटी एकदा ती कडाडली, "कुठलाच बुडवत नाही! मला उगीच खेळवताय तुम्ही!" बोधिसत्त्वानं शांतपणे थाळा वाजवला. ती ओरडत होती तेवढ्यात भांडं बुडालं होतं, आणि तिनं ते पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी ती बंधाऱ्यावर बसून ओक्साबोक्शी रडली.

प्रश्न काही पाठ सोडेना. निंदताना थेंब, शेण काढताना थेंब. थेंबाच्या नादात दोनदा भाकरी करपली, तेव्हा सासू करवादली, "अगं, चुलीत घाल तुझा तो थेंब!" सुयामानं हे बोधिसत्त्वाला सांगितलं. तो खो खो हसला.

"सासूबाई बरोबर सांगतात. भाकरीच्या पिठात पाणी किती घालतेस?"

"मोजून का कुणी घालतं? हाताला कळतं."

"मग मला कशाला विचारतेस? हाताला विचार."

त्या दिवसापासून तिनं उत्तर शोधणं टाकलं. प्रश्न मात्र टाकला नाही. पीठ मळताना पीठ बघू लागली, दळताना जात्याचा आवाज ऐकू लागली, आणि घंगाळापाशी बसली की भांडंच बघू लागली. बुडातून वर येणारी पाण्याची बारीक उकळी, कडेला चढणारी ओल, बुडण्याआधी भांड्याचं किंचित कलणं. राग यायचा, नाही असं नाही. पण आता तो येताना दिसायचा. आणि येताना दिसला की हात खोऱ्याकडे जायचा थांबे.

माघ उजाडला. त्या वर्षी ओढा लवकर आटला. गहू चिकात आलेला, त्याला एकच पाणी हवं होतं. ते मिळालं तर दाणा भरणार, नाही तर ओंब्या पोचट. बोधिसत्त्वानं सगळ्यांना सांगून टाकलं की आणखी एका दिवसाचं पाणी आहे, मग पाट कोरडा. सुयामाच्या घरात कणगीच्या तळाशी चार पायल्या नाचणी उरली होती. हा गहू गेला तर सासूला आणि पोरींना घेऊन परमुलखात मजुरीला जायचं, हे तिनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. म्हातारी वाटेतच जाईल, हेही तिला ठाऊक होतं.

आणि नेमका त्या शेवटच्या पाण्याच्या दिवशी बोधिसत्त्व तापानं फणफणला. उठवेना. दोन्ही गावांची माणसं झोपडीबाहेर जमली. बोधिसत्त्व आतून म्हणाला, "आज घटका सुयामा बघेल."

एकच गिल्ला झाला. ज्या बाईनं पाण्यापायी डोळा फोडला, तिच्या हाती पाणी? शमीगावचे लोक हमरीतुमरीवर आले. पाटकऱ्याची घटका खोटी ठरली तर त्याला देशाबाहेर हाकलावं, असा राजाचा कायदा होता. बोधिसत्त्व म्हणाला, "तिची घटका ती माझी घटका. चुकली तर मला हाकला. ह्या वयात कुठवर जाईन ते मीही बघेन." सगळ्यांनी भद्रकाकडे पाहिलं. भद्रक म्हणाला, "बसू दे. पण मी समोर बसणार."

सुयामा बसली. समोर उकिडवा भद्रक, एका डोळ्यानं तिच्याकडे बघत. थाळा वाजत गेला. एक, दोन, पाच, दहा. वेळूगावची शेतं वरून खाली भिजत आली. तेराव्या घटकेनंतर वेळूगावचा म्होरक्या, ग्रामणी तिंदुक तिच्या कानाशी वाकला. "आता तुझंच शेत आहे," तो पुटपुटला. "जरा सैल हातानं घे. भद्रकाला भांड्यातलं काय कळतंय?" आणि बोधिसत्त्वाची विचारपूस करायला झोपडीत गेला.

चौदावी घटका सुरू झाली. खाली शेतात सासू आणि मुली वाट बघत उभ्या होत्या. पाणी आलं. पण पाट क्षीण झालेला, पाणी मुंगीच्या पावलानं सरकत होतं. पाव शेत भिजलं. अर्धं भिजलं. आणि सुयामाच्या लक्षात आलं की भांड्यातली उकळी बारीक झालीय.

आटत्या ओढ्याचं पाणी गढूळ होतं. गाळाचा एखादा कण भोकात अडकला असणार. भांडं भरत होतं, पण रेंगाळत. भद्रक समोर बसूनही त्याला ते दिसलं नाही, कारण तो तिच्याकडे बघत होता. कायदा तर तिच्याच बाजूचा होता. भांडं बुडेपर्यंत घटका चालू. ती नुसती गप्प राहिली असती तरी उरलेलं अर्धं शेत भिजलं असतं, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. तुटीचा फटका संध्याकाळी शेवटच्या शेताला बसला असता. म्हणजे भद्रकाला.

डोळ्याच्या कोपऱ्यातून पोरी दिसत होत्या, चिखलात उभ्या राहून हात हलवत होत्या. आई, पाणी आलं! तिला वाटलं, देवा, मला हे दिसलंच नसतं तर किती बरं झालं असतं. पण दिसलं होतं. इतके महिने ती हेच बघायला बसली होती. तिनं भांड्यावरून नजर काढली नाही, प्रश्न मनातून सोडला नाही, आणि ज्या क्षणी एरवी भांडं बुडालं असतं त्या क्षणी तिनं थाळा वाजवला.

भांडं पाण्यावर तरंगतच होतं.

"अगं वेडी का तू!" वेळूगावकर धावले. "तुझंच पाणी तोडतेस?" सुयामा उठली, दाराची फळी तिनं स्वतःच्या हातानं फिरवली आणि पाणी शमीगावच्या पाटाला लावलं. खालून मुलींची हाक आली. तिनं ओठ दाताखाली दाबून धरले.

तेवढ्यात तिंदुक झोपडीतून बाहेर आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "थांबा," तो म्हणाला. "म्हातारा डोळे मिटून पडला होता. आपणहून म्हणाला, 'भरली.' आणि त्याच्या तोंडचा शब्द विरायच्या आत थाळा वाजला." भद्रकानं घंगाळातलं भांडं उचलून रिकामं केलं आणि उन्हाकडे धरून बुडाला आपला शाबूत डोळा लावला. भोकात वाळूचा कण बसलेला होता.

वेळूगावची माणसं मागे सरली. घोंगडी पांघरून, भिंतीला धरत बोधिसत्त्व दारात आला. "सुयामा," त्यानं विचारलं, "कुठल्या थेंबानं बुडालं गं?"

सुयामानं भद्रकाच्या हातून भांडं घेतलं. गवताच्या काडीनं भोक मोकळं केलं, गेलेल्या वेळाएवढं पाणी हाताच्या अदमासानं आत घालून भांडं पाण्यावर ठेवलं आणि ती बघत बसली. शमीगावची पहिली घटका चालू झाली होती. बोधिसत्त्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. "शिकून झालं तुझं," तो म्हणाला आणि आत जाऊन गाढ झोपला.

दिवस मावळेपर्यंत तिनं शमीगावच्या चौदाही घटका बघितल्या. शेवटची भद्रकाची. ती पुरी भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेतावर गेली ती आपल्या कोरड्या अर्ध्याचं काय ते डोळ्यांनी बघायला. बांधावर भद्रक उभा होता, खांद्यावर कावड. शेपटाचे शेतकरी उताराला एक खड्डा खणून ठेवत, शेतातून ओसंडलेलं पाणी गुरांसाठी त्यात साठवत. ते पाणी तो उजाडल्यापासून वाहत होता. चार वाफे भिजवूनही झाले होते. आपल्या खड्ड्यातलं पाणी माणसानं कुठं ओतावं, ह्याचा कायदा कुठल्याच राजानं केलेला नव्हता.

"नको," सुयामा म्हणाली. "तुमची गुरं काय पितील? आणि मी तुमचा डोळा..."

"गुरांना मी ओढ्याच्या डबक्यावर नेईन. डोळ्याचं मी विसरलेलो नाही, बाई," भद्रक म्हणाला. "तू पण विसरू नकोस. घागर घे. ऊन चढायच्या आत जेवढं होईल तेवढं होईल."

सगळं शेत काही वाचलं नाही. कडेच्या ओंब्या पोचटच गेल्या. पण घरात वर्षभराची भाकरी आली, आणि म्हातारीला गाव सोडावं लागलं नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धत्वाला पोचलेल्या त्याच बोधिसत्त्वानं, जेतवनाच्या विहारात सांगितली ती सुदंता नावाच्या भिक्षुणीला. विहिरीचं पाणी ओढण्यात, अंगण झाडण्यात, एका आजारी स्थविरीचं, म्हणजे वयोवृद्ध भिक्षुणीचं, धुणं धुण्यात दिवस संपतो, मग ध्यानाला बसू कधी, म्हणून ती रडकुंडीला आली होती. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा भद्रक म्हणजे आज तू जिचं धुणं धुतेस ती स्थविरी. पाटकरी मीच होतो. आणि सुयामा, सुदंता, तू होतीस. तेव्हा पोटची पोरं उपाशी दिसत असताना तुझी नजर ढळली नाही. आता नुसती घागर ओढताना का ढळावी?"

हातातलं काम आणि मनातला प्रश्न, दोन्ही शेवटपर्यंत न सोडणं, ह्या बळाला अधिष्ठान म्हणतात.