दार सोडून काहीही मागा

“दार उघडणार नाही. आणि पुन्हा अशा साठ जणी एकदम आलात, तर दरबारात पाऊल ठेवू देणार नाही,” शिरवलीचे राजे भुजंगराव नाकाला अत्तराचा रुमाल लावून म्हणाले.

समोर साठ कोळणी उभ्या होत्या. बंदरावरून बाजाराला जाणारी वाट राजेसाहेबांच्या नव्या बागेला लागून होती. बागेत मासळीचा वास येतो म्हणून त्यांनी त्या वाटेवर भलंमोठं दार बसवलं. आता डोंगराला वळसा घालून बाजार गाठेपर्यंत दुपार व्हायची, मासळी नरम पडायची आणि गिऱ्हाईक तोंड फिरवायचं. न विकलेल्या पाट्या घेऊन बायका घरी परतायच्या.

“साठ तोंडांनी एकच मागणं म्हणजे आमच्यावर दबाव,” राजे म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथे हातभर लांबीच्या जाड कापडावर फर्मान लिहवून घेतलं. शनिवारच्या दरबारात यायचं ते एकेकट्यानं. मागायचं ते स्वतःपुरतं. एकानं मागितलेलं दुसऱ्यानं मागायचं नाही. आणि ‘दार उघडा’ हे शब्द तर कुणी उच्चारायचेच नाहीत.

“एवढं पाळून ते दार उघडून दाखवा. मग मानू तुम्हाला,” असं म्हणून राजे मिशीतल्या मिशीत हसले.

बायका हिरमुसल्या. एकटी पोशी हसत होती. ही पोशी अंगानं काडीसारखी, पण जिभेनं सगळ्या बंदराला पुरून उरणारी. शिरवलीत आजोबांच्या काळापासून एक रीत होती: शनिवारी जो एकटा येऊन डोक्यावरून नेता येईल अशी वस्तू मागेल, त्याला नाही म्हणायचं नाही. राजेसाहेबांना या रीतीचा केवढा अभिमान! पोशीनं तोच अभिमान हेरला.

ती दुपारभर त्या दारासमोर बसून काहीतरी मोजत राहिली. मग तिनं सगळ्यांना गोळा करून कुणी काय मागायचं ते वाटून दिलं. सागवानी फळ्यांवरून चौघींची जुंपली, ती तिनं कशीबशी सोडवली.

शनिवारी सगळ्यांत आधी आली पोशीची सासू.

“म्हाराज, मला एक कुलूप पायजे. सुनंच्या तोंडाला लावायला.”

राजे खदखदून हसले. “कुठलं देऊ?”

“त्या वाटेवरलं. तिच्या तोंडाला त्याहून ल्हान पुरायचं न्हाय.”

कुलूप गेलं तरी अडसर आहे, असं मनाशी म्हणून राजांनी ते देऊन टाकलं. दुसरीनं अडसर मागितला, बोंबील वाळत घालायला. तिसरीला होडी बांधायला साखळी हवी होती. चौथीनं पाटाला म्हणून डावीकडची पहिली फळी मागितली.

पाचवी फळीचं नाव काढताच दिवाण अप्पाजीपंत ओरडले, “फळी मघाशीच मागून झाली!”

“ती तर तिनं नेली. ती मी कशाला मागंन? मला तिच्या शेजारची पायजे,” पाचवी शांतपणे म्हणाली.

चाळीस बायका झाल्या तेव्हा शिपाई धापा टाकत आला. “सरकार, दार गेलं. नुसती चौकट उभी आहे, आणि तीसुद्धा हलतेय.”

राजे ताडकन उठले. “पोशीला बोलवा!”

पोशी आली.

“तुम्ही ठरवून आलात,” राजे गरजले.

“ठरवून आलो, म्हाराज. ठरवायचं न्हाय असं फर्मानात कुठं लिवलंय?”

पंतांनी फर्मान दोनदा वाचलं आणि मान खाली घातली.

राजांचा आवाज थंड झाला. “आज चाळीस जणींनी मिळून दार नेलं. उद्या सिंहासनाचे पाय न्याल.”

बाहेर उभ्या असलेल्या पोशीच्या सासूनं भीतीनं डोळे मिटून घेतले.

“सिंहासन घेऊन करू काय?” पोशी म्हणाली. “त्याच्यावर बसलं की सकाळचा बाजार चुकतो. आमाला न्हाय बसायचं, तुमीच बसा. आमची वाट अडली की आमी साठ जणी येऊन सांगणार, तुमी ऐकणार, आन् आमी पुन्यांदा आपल्या कामाला लागणार. एकटीचं कुणाच्या कानावर जातं, म्हाराज? मी आदी एकटीच आले व्हते. तुमच्या ह्याच शिपायानं माज्याकडनं दोन सुरमया घेऊन मला माघारी लावलं.”

शिपायाचं तोंड पांढरं पडलं. राजांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पोशीकडे, आणि इतके हसले की अत्तराचा रुमाल हातातून पडला.

“वाट तुमची,” ते डोळे पुसत म्हणाले. “या शिपायाकडून त्या सुरमयाही भरून घे. आणि तू आज स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस. माग.”

“ते फर्मानाचं कापड द्या.”

“ते कशाला?”

“पाटीखाली चुंबळ करायला. झ्याक जाड हाय. रोज सकाळी तुमचा हुकूम डोक्यावर घेऊन, त्याच वाटेनं बाजाराला जाईन!”

राजे पुन्हा हसायला लागले आणि त्यांनी ते कापड स्वतःच्या हातानं तिला गुंडाळून दिलं.